तीन मीटरची लाट किती वर्षांतून एकदा? त्सुनामीच्या शक्यतेचा हिशेब

किनाऱ्यावर बंदर, वीजकेंद्र किंवा शाळा बांधायची म्हटली की त्सुनामीबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे जास्तीत जास्त केवढी लाट येईल? प्रश्न साधा दिसतो, पण त्याला धड उत्तर नाही. जो आकडा सांगाल त्याहून मोठी लाट कल्पता येतेच, फक्त ती आणखी दुर्मिळ असते. म्हणून या क्षेत्रातले लोक प्रश्नच बदलून घेतात: अमुक एक उंची ओलांडली जाण्याची शक्यता वर्षाला किती? एक मीटर, दोन मीटर, तीन मीटर असं चढत जायचं, प्रत्येक उंचीपुढे तिची शक्यता मांडायची आणि आलेख काढायचा. या आलेखाला हॅझर्ड कर्व्ह, म्हणजे धोक्याचा वक्र म्हणतात. पुढचं सगळं गणित या एका वक्रासाठी चालतं.

एकच आकडा धरून चालण्याचं सर्वांत परिचित उदाहरण फुकुशिमा दाइइची अणुवीजकेंद्राचं. २००२ मध्ये तिथे त्सुनामीची उंची ५.७ मीटर धरली गेली. त्या भागात माहीत असलेले मोठे भूकंप घ्यायचे, फॉल्टची, म्हणजे खडक जिथे सरकतो त्या भेगेची, जागा आणि कल थोडा इकडेतिकडे हलवून पाहायचा आणि त्यातून निघालेली सर्वांत वाईट लाट धरायची, असा तो हिशेब होता. मुख्य इमारतींची जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटरवर, म्हणजे कागदावर भरपूर मोकळीक. ११ मार्च २०११ ला त्या आवारात पाणी १४-१५ मीटरच्या पातळीपर्यंत चढलं. २००८ मध्ये केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्याच एका अंतर्गत गणितातून १५.७ मीटर हा आकडा निघाला होता, पण त्यामागचा भूकंप काल्पनिक मानला गेला आणि बांधकामात बदल झाला नाही. निवडक भूकंपांच्या पद्धतीत हेच होतं: एखादा भूकंप एक तर यादीत असतो, नाही तर नसतो. शक्यतेच्या पद्धतीत त्याला आत यायला सिद्धता लागत नाही. त्याला वजन किती द्यायचं, एवढंच ठरवावं लागतं.

नोंदवही कोरी असली म्हणजे

नदीच्या पुराचा अंदाज बांधताना निदान काही दशकांच्या नोंदी हाताशी असतात, आणि पूर दर पावसाळ्यात कमीजास्त येतोच. त्सुनामीत ही सोय नाही. १९०० पासून ९.० किंवा त्याहून मोठ्या मॅग्निट्यूडचे (मॅग्निट्यूड म्हणजे भूकंपाच्या आकाराचा आकडा) भूकंप साऱ्या जगात मिळून पाच झाले: कामचात्का १९५२, चिली १९६०, अलास्का १९६४, सुमात्रा २००४ आणि तोहोकू २०११. समजा एखाद्या पट्ट्यात असा भूकंप सरासरी ८५० वर्षांतून एकदा होतो. तर मागच्या १२० वर्षांच्या यंत्रांच्या नोंदीत तो एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के आहे. म्हणजे नोंदीत काही नाही, यावरून जवळजवळ काहीच कळत नाही.

मग जमीन खणावी लागते. त्सुनामी किनाऱ्यामागच्या दलदलीत किंवा सखल शेतात समुद्राची वाळू आणून टाकते, तिच्यावर पुन्हा चिखल साचतो आणि थर टिकून राहतो. थायलंडच्या फ्रा थोंग बेटावर २००४ च्या वाळूखाली तसाच जुना थर सापडला, साधारण ५५० ते ७०० वर्षांपूर्वीचा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅस्केडिया पट्ट्यात, जमीन खचून खाऱ्या पाण्यात मेलेली झाडं उभी होती. त्यांची वाढवलयं सांगतात की ती १६९९ च्या शेवटच्या वाढीनंतर मेली, आणि जपानमध्ये २७-२८ जानेवारी १७०० ला भूकंपाचा धक्का न बसता आलेल्या लाटांच्या लेखी नोंदी आहेत. दोन्ही जोडून त्या भूकंपाची तारीख २६ जानेवारी १७०० अशी ठरली.

वाळूच्या थरांत एक खोच आहे, ती माहीत नसली तर हिशेब कमी निघतो. जपानमधल्या सेंदाईच्या मैदानात २०११ च्या त्सुनामीचं पाणी काही ठिकाणी साडेचार किलोमीटर आत शिरलं, पण डोळ्यांना ओळखू येईल असा वाळूचा थर तीन किलोमीटरच्या आत संपला. पुढे नुसता चिखल. त्याच मैदानात इ. स. ८६९ च्या जोगान त्सुनामीची वाळू आधीच सापडली होती. मात्र पाणी वाळूच्या टोकापर्यंतच आलं असं धरून भूकंपाचा आकार काढला, की तो लहान निघतो. थर मिळाला तर पाणी किमान तिथवर आलं, एवढंच नक्की म्हणता येतं.

प्लेटचा जमाखर्च

मोठ्या त्सुनामी बहुतेक सबडक्शन झोनमध्ये उगम पावतात, जिथे समुद्राखालची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसऱ्या प्लेटखाली सरकत जाते. दोन्ही प्लेटमधला सांधा अडकलेला असतो. खालची प्लेट सरकत राहते, वरची तिच्यासोबत ओढली जाते, आणि कधीतरी सांधा सुटला की वरच्या प्लेटची कड उसळते. किती सरकण बाकी साठते आहे हे जमिनीवरच्या जीपीएस केंद्रांवरून मोजता येतं. इथून हिशेब अगदी बँकेच्या खात्यासारखा चालतो: जमा दरवर्षी ठरावीक, खर्च भूकंपांतून.

आकडे घालून पाहू. समजा सांधा ८०० किलोमीटर लांब आणि १२० किलोमीटर रुंद आहे. प्लेट वर्षाला ५ सेंटिमीटर सरकते, पण सांधा निम्माच अडकलेला आहे, म्हणजे साठण २.५ सेंटिमीटर. खडकाचा ताठरपणा ४० गिगापास्कल धरला, तर क्षेत्रफळ गुणिले साठण गुणिले ताठरपणा मिळून वर्षाची जमा ९.६ गुणिले दहाचा १९ वा घात न्यूटन-मीटर. ही राशी म्हणजे सिस्मिक मोमेंट, मॅग्निट्यूड हिच्यावरूनच काढतात. ९.० च्या एका भूकंपात सुमारे ४ गुणिले दहाचा २२ वा घात खर्च होतो. सगळी जमा अशाच भूकंपांनी खर्चली, तर ४१५ वर्षांनी एक. सगळी ८.५ च्या भूकंपांनी खर्चली तर ७४ वर्षांनी एक, आणि ८.० च्या भूकंपांनी खर्चायची म्हटली तर दर १३ वर्षांनी एक. जमा तीच, पण किनाऱ्याचं भवितव्य पार वेगळं.

प्रत्यक्षात खर्च सगळ्या आकारांत वाटला जातो. लहान भूकंप पुष्कळ, मोठे मोजके. मॅग्निट्यूड एकने वाढला की संख्या साधारण दहापट घटते, हा गुटेनबर्ग-रिश्टर नियम. मात्र एका पायरीला मोमेंट सुमारे ३२ पटीने वाढतो, त्यामुळे खात्यातला बहुतांश खर्च वरच्या एकदोन मोठ्या भूकंपांच्या नावावर पडतो. लहान भूकंप वारंवार होतात म्हणून ताण निघून जातो, ही लोकप्रिय समजूत या हिशेबात टिकत नाही.

सर्वांत नाजूक आकडा आहे कमाल मॅग्निट्यूडचा, आणि याच आकड्यानं तज्ज्ञांना दोनदा फसवलं. १९८० मध्ये लॅरी रफ आणि हिरू कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञांनी मांडलं की तरुण आणि वेगानं सरकणाऱ्या प्लेटच्या पट्ट्यांत महाभूकंप होतात. तेव्हाच्या माहितीशी ते जुळत होतं. पण अंदमानच्या बाजूला प्लेट तिरकी आणि संथ सरकते, जपानच्या खंदकात (प्लेट खाली घुसते तिथल्या समुद्रतळावरच्या खोल चरात) घुसणारी प्लेट फार जुनी आहे, आणि दोन्हीकडे ९ च्या वरचे किंवा आसपासचे भूकंप झाले. जपानमध्ये तर मियागीच्या किनाऱ्यापुढे ७.५ च्या आसपासचा भूकंप ३० वर्षांत होण्याची शक्यता ९९ टक्के, असा अधिकृत अंदाज होता. झाला तो त्याच्या दीडशेहून अधिक पट मोमेंटचा, कारण वेगवेगळे धरलेले तुकडे एकदम सुटले. त्यानंतर बहुतेक अभ्यासगट लांब सबडक्शन झोनला ९ पर्यंतची मुभा देतात आणि ती खोडायची असेल तर पुरावा मागतात. हा क्रम मला योग्य वाटतो.

एकाच मॅग्निट्यूडच्या दोन लाटा सारख्या नसतात

आता प्रत्येक संभाव्य भूकंपाचं समुद्रतळावर काय होतं ते काढायचं. सांध्याची जागा, कल आणि सरकण दिली की समुद्रतळ कुठे किती उचलला आणि कुठे किती खचला हे ओकादा यांच्या १९८५ च्या सूत्रांनी मिळतं. तीव्र उताराचा तळ आडवा सरकला तरी पाणी उचललं जातं, तेही धरावं लागतं. अगदी बारीक खळगे-उंचवटे मात्र पाण्याच्या खोलीमुळे पृष्ठभागावर उमटत नाहीत, ते गाळून टाकतात.

इथे आळशीपणा महागात पडतो. सगळ्या सांध्यावर एकसारखी सरकण पसरवली की गणित सोपं होतं, पण लाट बुटकी निघते. खरा भूकंप काही भागांत खूप सरकतो, काही भागांत नावापुरता. तोहोकूत खंदकाजवळ सरकण ५० मीटरच्या घरात गेली. सरासरी त्याच्या कितीतरी खाली होती. म्हणून एकाच मॅग्निट्यूडसाठी सरकणीचे दहा-वीस नव्हे, शेकडो यादृच्छिक आकृतिबंध तयार करतात. खंदकालगतचा खडक मऊ असतो, ही आणखी एक भानगड. तिथे ताठरपणा ४० ऐवजी १० गिगापास्कल असेल, तर तेवढ्याच मोमेंटला सरकण चौपट लागते. जपानमधला १८९६ चा सानरिकू भूकंप असाच होता: धक्का सौम्य, म्हणून लोक पळाले नाहीत, आणि लाट ३८ मीटरपर्यंत चढली. सुमारे २२ हजार माणसं गेली. अशा भूकंपांना शास्त्रज्ञ 'त्सुनामी भूकंप' म्हणतात. इंडोनेशियातले जावा २००६ आणि मेंतावाई २०१० हे त्याच जातीचे. यांचा हिशेब वेगळा धरला नाही, तर फक्त मॅग्निट्यूडवरून काढलेला धोका पद्धतशीरपणे कमी येतो.

सांध्याबाहेरचे फॉल्टही विसरून चालत नाही. १९३३ चा सानरिकू भूकंप खंदकाच्या बाहेर, वाकणाऱ्या प्लेटच्या आत झाला होता. त्याचा खर्च सांध्याच्या खात्यातून जात नाही, म्हणून त्याची वारंवारता निराळ्या वाटेनं काढावी लागते.

समुद्र ओलांडताना

खोल समुद्रात त्सुनामीची लांबी शेकडो किलोमीटर आणि पाणी चार किलोमीटर, म्हणून तिच्या दृष्टीनं महासागरही उथळच. वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली यांचं वर्गमूळ. ४००० मीटर खोलीत ताशी सुमारे ७१० किलोमीटर, १० मीटर खोलीत ताशी ३६. १९६० मध्ये चिलीहून निघालेली लाट हवाईला सुमारे १५ तासांनी आणि जपानला सुमारे २२ तासांनी पोचली. वेग घटला की लाट आखडते आणि उंच होते. खोलीच्या चौथ्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात. १०० मीटर खोलीवर एक मीटर असलेली लाट एक मीटर खोलीवर साधारण ३.२ मीटर होते. हा ग्रीनचा नियम घाईच्या अंदाजाला चांगला, पण खाडीत, बेटामागे किंवा बंदरात तो फसतो.

खोल समुद्रात लाटा एकमेकींत सरळ मिसळतात, आणि हजारो भूकंपांचा हिशेब शक्य होतो तो यामुळे. सांध्याचे छोटे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोन एक मीटर सरकला तर किनाऱ्यापुढच्या बिंदूंवर काय येईल हे एकदाच काढून ठेवतात. मग कुठलाही भूकंप म्हणजे या तयार लाटांची बेरीज: या चौकोनाची सात पट, त्याची तीन पट, शेजारच्याची शून्य. बिंदू बहुधा १०० मीटर खोलीच्या आसपास घेतात, कारण त्याहून उथळ पाण्यात ही सरळ बेरीज चालत नाही.

तिथून पुढे किनाऱ्यापर्यंत, आणि विशेषतः जमिनीवर, वेगळी मॉडेलं लागतात आणि खर्च तिथे वाढतो. गणितासाठी नकाशावर टाकलेल्या जाळीचा, म्हणजे ग्रिडचा, चौकोन बाजूनं निम्मा केला की चौकोन चौपट होतात आणि गणिताची कालपायरीही निम्मी करावी लागते, म्हणजे काम आठपट. १०० मीटरवरून १० मीटरवर आलं तर हजारपट. म्हणून सगळ्या भूकंपांसाठी जमिनीवरचं पाणी काढत नाहीत. आधी खोल बिंदूवरचा वक्र काढायचा, त्यात ज्या भूकंपांचा वाटा मोठा आहे ते निवडायचे आणि तेवढेच बारीक ग्रिडवर चालवायचे.

बारीक ग्रिड घेतली म्हणून उत्तर बारीक होत नाही. जगाचा मोफत मिळणारा समुद्रतळ नकाशा, जेबको, साधारण ४५० मीटरच्या चौकोनांचा आहे आणि त्यातही बराच भाग प्रत्यक्ष मोजलेला नाही. तो १० मीटरच्या ग्रिडवर पसरवला तर चित्र गुळगुळीत दिसतं, खाडीचं तोंड मात्र चुकीच्याच जागी राहतं. समुद्राचा नकाशा आणि जमिनीचा नकाशा वेगवेगळ्या शून्यपातळीवर असणं ही दुसरी नेहमीची गफलत: एक भरती-ओहोटीच्या नीचांकावरून मोजलेला, दुसरा सरासरी समुद्रसपाटीवरून. दोन्ही तसेच चिकटवले तर किनाऱ्यावर एक-दोन मीटरची खोटी पायरी तयार होते. तिसरी चूक, सिम्युलेशन लवकर थांबवणं. नोव्हेंबर २००६ मध्ये कुरील बेटांजवळच्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीच्या बंदरात सर्वांत जोरदार लाटा पहिली लाट आल्यावर दोन तासांहून अधिक काळानं आल्या आणि गोदीची नासधूस झाली. दोन तासांवर थांबलेल्या मॉडेलला त्या कधी दिसल्याच नसत्या.

बेरीज: इथेच दुर्मिळ मोठ्या लाटांचं शेपूट कापलं जातं

वरच्याच काल्पनिक सांध्याकडे परत जाऊ. खात्यात बसेल असा एक खर्च: ८.० चा भूकंप दर ६० वर्षांनी, ८.५ चा दर २५० वर्षांनी, ९.० चा दर ८५० वर्षांनी. तिन्हींचा खर्च जोडला तर वर्षाची जमा बरोबर संपते. आपल्या किनाऱ्यावर मॉडेलनं मधली उंची अनुक्रमे १.२, २ आणि ४.२ मीटर दिली, असं समजा.

फक्त हे तीन आकडे घेतले तर तीन मीटर ओलांडणारा भूकंप एकच, ९.० चा. म्हणजे तीन मीटर दर ८५० वर्षांनी आणि सहा मीटर कधीच नाही. हा निष्कर्ष अनेक अहवालांत थोड्या सजावटीनं सापडतो, आणि तो चुकीचा आहे. सरकणीचा आकृतिबंध, तळाचा नकाशा, मॉडेलची मर्यादा यामुळे खरी उंची मधल्या आकड्याभोवती पसरलेली असते. हा पसारा दीड पटीचा, लघुगणकी पट्टीवर धरू, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश वेळा खरी उंची मधल्या आकड्याला दीडनं भागून आणि दीडनं गुणून येणाऱ्या उंचींच्या दरम्यान पडते. मग २ मीटरचा अंदाज असलेला ८.५ चा भूकंप १६ टक्के वेळा तीन मीटर ओलांडतो. १.२ मीटरचा ८.० चा भूकंप एक टक्का वेळा, आणि ९.० चा ८० टक्के वेळा.

वर्षाचा दर असा जुळतो: ८.० कडून ०.०००१७, ८.५ कडून ०.०००६४, ९.० कडून ०.०००९४. बेरीज ०.००१७५, म्हणजे ८५० नव्हे, सुमारे ५७० वर्षांतून एकदा. सहा मीटरसाठी ९.० चा भूकंप १९ टक्के वेळा आणि ८.५ चा ०.३ टक्के वेळा पुरा पडतो, दर ०.०००२३५, साधारण ४२०० वर्षांतून एकदा. "कधीच नाही" याच्या जागी आता एक आकडा आला. असे सगळ्या उंचींचे दर मांडले की वक्र तयार.

याच बेरजेतून आणखी एक उपयोगी गोष्ट निघते. तीन मीटरच्या धोक्यात ९.० च्या भूकंपाचा वाटा ५४ टक्के, ८.५ चा ३७ आणि ८.० चा जेमतेम १० टक्के. सहा मीटरला ९.० चा वाटा ९५ टक्के. वेगवेगळ्या पट्ट्यांसाठीही हीच फोड करतात. तीतून बारीक मॉडेलसाठी भूकंप निवडायचे असतात आणि इशारा किती मिनिटांचा मिळेल तेही समजतं: धोक्याचा मोठा वाटा समोरच्या खंदकाचा असेल तर मिनिटं, महासागरापलीकडचा असेल तर तास. दूरच्या भूकंपात लाटेचा झोत फॉल्टच्या लांबीला काटकोनात जातो, म्हणून कधी कधी हजारो किलोमीटरवरचा पट्टा शेजारच्या पट्ट्यापेक्षा जास्त वाटा उचलतो.

वर्षं आणि टक्के

५७० वर्षांतून एकदा याचा अर्थ पुढची ५६९ वर्षं निवांत, असा नाही. ५० वर्षांच्या आयुष्याची इमारत असेल तर निदान एकदा तीन मीटर ओलांडले जाण्याची शक्यता ८.४ टक्के. सूत्र सोपं आहे: पन्नासला पुनरावृत्ती काळानं भागायचं, त्या भागाकाराइतका 'ई'चा ऋण घात काढायचा आणि तो एकातून वजा करायचा. ४७५ वर्षं म्हणजे ५० वर्षांत १० टक्के आणि २४७५ वर्षं म्हणजे ५० वर्षांत २ टक्के, हे भूकंप-अभियांत्रिकीतून आलेले दोन परिचित टप्पे. १०० वर्षांची लाट १०० वर्षांत येण्याची शक्यता मात्र १०० नव्हे, ६३ टक्के असते.

या सूत्रात भूकंपांना स्मृती नसते असं गृहीत आहे. एखादा सांधा नुकताच सुटला असेल किंवा फार काळ अडकून बसला असेल तर कालसापेक्ष मॉडेल वापरता येतं, पण त्यासाठी मागच्या भूकंपांच्या बऱ्याच तारखा लागतात. एक-दोन तारखांवर असं मॉडेल उभं करण्यापेक्षा स्मृतीशून्य मॉडेल बरं.

आपल्याला किती माहीत नाही, तेही मोजायचं

आतापर्यंतचा पसारा निसर्गाच्या लहरीचा होता. दुसरी अनिश्चितता आपल्या अज्ञानाची आहे: सांधा ५० टक्के अडकलेला की ८०? कमाल ८.६ की ९.२? अरबी समुद्राच्या उत्तरेचा मकरान पट्टा घ्या. त्याच्या पूर्व भागात नोव्हेंबर १९४५ मध्ये ८.१ चा भूकंप आणि त्सुनामी झाली. पश्चिम भागात यंत्रांच्या काळात तसा मोठा भूकंप नाही. तो भाग गुपचूप सरकतो आहे की अडकून साठवतो आहे, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. दोन्ही भाग एकदम सुटले तर मॅग्निट्यूड ९ च्या घरात जाऊ शकतो.

इथे सरासरी काढून गप्प बसायचं नसतं. लॉजिक ट्री मांडतात: प्रत्येक प्रश्नाला फांद्या, प्रत्येक फांदीला वजन. मुळापासून टोकापर्यंतच्या प्रत्येक वाटेचा एक पूर्ण वक्र निघतो, आणि हजारो वाटांचा एक झुबका तयार होतो. अहवालात मग मधला वक्र, सरासरी वक्र आणि १६ व ८४ टक्क्यांच्या मर्यादा देतात. लांब पुनरावृत्ती काळाला झुबका इतका रुंदावतो की वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट सहज होते. अशा वेळी "३.२७ मीटर" असं लिहिणाऱ्या अहवालाकडे जरा संशयानंच पाहावं. वजनं तज्ज्ञ देतात, पण चौघांनी एका बैठकीत दिलेली वजनं फार आत्मविश्वासू असतात. म्हणून मोठ्या प्रकल्पांत ती स्वतंत्रपणे मागवून नंतर एकत्र करतात.

कोणता काळ आणि कोणती मर्यादा घ्यायची हे शास्त्र ठरवत नाही, वापर ठरवतो. अमेरिकेच्या एएससीई ७-१६ या बांधकाम-मानकात त्सुनामीसाठी २४७५ वर्षांची पातळी आहे. न्यूझीलंडच्या मार्गदर्शक सूचना सर्वांत बाहेरच्या निर्वासन-क्षेत्रासाठी २५०० वर्षांची लाट, तीही ८४ टक्क्यांच्या मर्यादेवर, घ्यायला सांगतात. जपाननं २०११ नंतर दोन पातळ्या केल्या: काही दशकं ते शंभर-दीडशे वर्षांत येणाऱ्या लाटेसाठी भिंत, आणि सर्वांत मोठ्या कल्पनीय लाटेसाठी माणसं हलवण्याची तयारी.

अहवाल हाती आला की

आधी पाहायचं की दिलेली उंची कशाची आहे. १०० मीटर खोलीवरची लाट, किनारारेषेवरची पातळी, जमिनीवरच्या पाण्याची खोली आणि पाणी शेवटी जिथे पोचलं तिथली उंची, म्हणजे रन-अप, या चार वेगळ्या राशी आहेत, आणि त्यांच्यात दोन-तीन पटींचा फरक सर्रास असतो. मग शून्यपातळी कुठली आणि भरती धरली आहे का. दोन-तीन मीटर भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर सरासरी समुद्रसपाटी धरून काढलेला वक्र भरतीच्या वेळी तेवढ्यानं कमी पडतो. वक्र सरासरी आहे की मधला, हे विचारायचं, कारण टोकाच्या फांद्या सरासरीला वर ओढतात. मॉडेल निदान एका खऱ्या त्सुनामीच्या भरतीमापक आणि खोल समुद्रातल्या दाबमापक नोंदींवर तपासलं आहे का, आणि त्यातून निघालेली चूक पसाऱ्यात घातली आहे का, हेही.

शेवटी स्रोतांची यादी. फक्त भूकंपांचा वक्र दरडी आणि ज्वालामुखींबद्दल गप्प असतो. २८ सप्टेंबर २०१८ ला इंडोनेशियातल्या पालूमध्ये ७.५ चा भूकंप आडव्या सरकणीचा होता, तशा भूकंपाकडून मोठ्या त्सुनामीची कोणी अपेक्षा करत नाही, तरी काही मिनिटांत पाणी शहरात होतं. उपसागरातल्या दरडींचाही त्यात हात होता. त्याच वर्षी २२ डिसेंबरला इंडोनेशियातल्याच अनाक क्राकातोआ ज्वालामुखीचा कडा कोसळला आणि मोठा भूकंप न होताच लाट आली, चारशेहून अधिक लोक गेले. समोर तीव्र उताराचा समुद्रतळ, खोल अरुंद खाडी किंवा बेटावरचा ज्वालामुखी असेल, तर त्यांचा अभ्यास वेगळा मागून घ्यावा आणि त्याचे वार्षिक दर भूकंपांच्या दरांत उंचीनिहाय मिळवावेत.